तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : मोटारहोमच्या कप्प्याचा अडकलेला खटका

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही २००६ सालचे, ३४ फूट लांबीचे एक वापरलेले मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, विकत घेतले. गाडीच्या पोटाशी दोन्ही बाजूंना सामानाचे कप्पे आहेत आणि त्यांची दारे वरच्या बाजूला बिजागरीवर उघडतात. हिवाळाभर गाडी घरासमोर उभी होती. एप्रिलमध्ये उजव्या बाजूचा मधला कप्पा उघडायला गेलो, तर दार अर्धवटच सुटले. कुलपात किल्ली नीट फिरते. हँडल उचलले की डाव्या कोपऱ्यातून ‘खट्’ असा आवाज येतो आणि तो कोपरा अर्धा इंच बाहेर येतो, पण उजवा कोपरा जागचा हलत नाही. यजमानांनी दोन-तीनदा जोर लावून ओढले, त्यात दाराचा खालचा कोपरा किंचित वाकला. पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी आणि विजेची जाड केबल याच कप्प्यात अडकून पडली आहे. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येणार आहेत आणि त्यांना मॅकिनॉ पुलापलीकडे, लेक सुपीरियरच्या काठाने फिरवून आणायचे आहे. एका दुरुस्तीवाल्याने दार कापून नवे बसवावे लागेल असे सांगितले. खरोखरच दुसरा मार्ग नाही का?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर : दार कापण्याची गरज मला दिसत नाही, आणि निदान अजून तरी कोणालाही ते कापू देऊ नका. बिघाड कुठे आहे हे शोधण्याचे निम्म्याहून अधिक काम आपल्या पत्रानेच केले आहे. किल्ली फिरते, म्हणजे कुलूप शाबूत आहे. हँडल उचलल्यावर डावी बाजू सुटते, म्हणजे हँडल आणि त्यामागची मधली यंत्रणा आपले काम करत आहे. त्यामुळे दोष एकतर हँडलपासून उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या सळईत आहे, नाहीतर उजव्या कोपऱ्यातल्या खटक्यात. शोध एवढ्याच पट्ट्यात घ्यायचा आहे.

अशा दाराची रचना एकदा डोळ्यांसमोर आली की पुढचे सगळे सोपे जाते. हँडल दाराच्या खालच्या कडेच्या मध्यावर असते. त्याच्यामागे, दाराच्या आतील बाजूला एक लहान पत्र्याची पट्टी असते आणि तिच्यापासून डावीकडे व उजवीकडे एकेक बारीक सळई निघते. काही गाड्यांत सळईऐवजी सायकलच्या ब्रेकसारखी तार असते. प्रत्येक सळईच्या टोकाला, दाराच्या कोपऱ्यात, एक खटका बसवलेला असतो. खटक्यात खेकड्याच्या नांगीसारखा फिरणारा एक आकडा असतो, आणि दार लावले की तो चौकटीवरच्या गोल पोलादी खुंटीला विळखा घालतो. आकडा मागे फिरू नये म्हणून एक छोटा अडसर त्याला धरून ठेवतो. हँडल उचलल्यावर सळई हा अडसर ओढते, आकडा स्प्रिंगच्या जोराने फिरतो आणि खुंटी मोकळी होते.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. दाराच्या आतल्या कडेने पाणी अडवण्यासाठी रबरी पट्टी असते. दार बंद असताना ती दाबलेली राहते आणि दाराला सतत बाहेर ढकलत असते. या दाबामुळे आकडा अडसरावर घट्ट रेललेला असतो. अशा वेळी आपण दार बाहेर ओढले, तर आकडा अडसरावर आणखी जोराने दाबला जातो आणि दोघांमधले घर्षण वाढते. म्हणजे आपण जितके ओढू तितका खटका अधिक घट्ट धरतो. आपल्या यजमानांनी केले ते शंभरातील नव्वद जण करतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण अडकलेले दार सोडवण्यासाठी ते आधी आत दाबायचे असते, ही गोष्ट हाताला सवयीने शिकवावी लागते.

सर्वांत आधी गाडी सपाट जमिनीवर घ्या. ती समतल करण्याच्या जॅकवर उभी असेल तर जॅक वर घेऊन तिचे वजन पुन्हा चाकांवर येऊ द्या. एवढ्या लांबीच्या गाडीचा सांगाडा एका कोपऱ्यातून उचलला गेला की किंचित पिळतो, आणि दोन-तीन मिलिमीटरचा पीळ कप्प्याची चौकट तिरकी करून खुंटी आकड्यात आवळायला पुरेसा असतो. केवळ गाडी हलवून दार सुटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका, मग काम कितीही लहान असो.

त्यानंतर दोघांनी मिळून काम करावे. एकाने उजव्या कोपऱ्यापाशी बसून, खटक्याच्या अगदी समोर, तळहाताने किंवा मांडीने दार आत दाबून धरावे आणि दुसऱ्याने हँडल पूर्ण उचलून धरावे. हँडल वर असतानाच दाबणाऱ्याने दाब हलकेच सोडावा. हे दहा-बारा वेळा, दाबाची जागा थोडी थोडी बदलत करून पाहा. हँडल उचलले असताना उजव्या कोपऱ्यावर तळहाताची मऊ बाजू आपटल्यानेही कित्येकदा चिकटलेला आकडा सुटतो. हातोडी वापरू नका.

एवढ्याने दार सुटले नाही, तर कान लावून ऐका. एकाने हँडल सावकाश वर-खाली करावे आणि दुसऱ्याने उजव्या कोपऱ्याला कान टेकवावा. तिथे पूर्ण शांतता असेल तर सळई खटक्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे तिच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटली आहे किंवा सळई तिच्यातून निसटली आहे. ही चिमटी काही सेंटच्या मोलाची असते. थंडीत ती ठिसूळ होते आणि वीस वर्षे जुन्या गाडीत ती तुटणे मुळीच नवलाचे नाही. मात्र कोपऱ्यातून बारीक टिचकी ऐकू येत असेल, तर सळई अडसराला हलवते आहे, पण आकडा गंजाने जाम झाला आहे किंवा सळई थोडी सैल होऊन अडसर पुरेसा ओढला जात नाही. शांततेच्या बाबतीत तेल फवारून काहीही होणार नाही. टिचकीच्या बाबतीत गंज सोडवणारे पातळ तेल फटीतून, डब्यासोबत येणाऱ्या लांब नळीने, नेमके खटक्यावर सोडा आणि एक रात्र थांबा. सकाळी पुन्हा दाबण्या-उचलण्याचा प्रयोग करा. या थांबण्याला पर्याय नाही. तेलाला गंजात मुरायला तास लागतात.

गंज का चढला, हेही सांगतो, कारण मिशिगनमध्ये तो पुन्हा चढणार आहे. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. चाकांनी उडवलेले ते खारे पाणी जमिनीलगतच्या कप्प्यांच्या चौकटीत शिरते. पोलाद तर त्याने गंजतेच, पण दार आणि चौकट ॲल्युमिनियमची आणि खुंटी व स्क्रू पोलादाचे असतील, तर या दोन धातूंमध्ये खाऱ्या पाण्यामुळे एक छोटा विद्युत घटच तयार होतो, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. दार उघडल्यावर स्क्रूंभोवती पांढरी भुकटी दिसली तर ती याची खूण समजा. तांबूस पापुद्रे दिसले तर तो पोलादाचा गंज.

आता चिमटी तुटली असेल तर काय करायचे ते पाहू. आपल्यासारख्या गाड्यांत बहुतेक वेळा मधला कप्पा आरपार असतो, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूच्या दारापर्यंत पोहोचता येते. डाव्या बाजूचे समोरचे दार उघडून आत टॉर्च मारून पाहा. कप्पा आरपार असेल तर अर्धे काम झाले. एका सडपातळ व्यक्तीने आत सरकावे, पाय बाहेर राहतील असे पाहावे आणि दुसऱ्याने बाहेर थांबावे. अडकलेल्या दाराच्या आतील बाजूवर प्लास्टिकचे किंवा पातळ पत्र्याचे आवरण स्क्रूने बसवलेले असते. ते काढले की सळई समोर दिसते. ती किंवा अडसर बोटाने ओढा, त्याच वेळी बाहेरच्याने दार आत दाबावे. खटका निमूटपणे सुटेल. कप्पा आरपार नसेल तर शेजारच्या कप्प्यातून मधल्या भिंतीकडे पाहा. ही भिंत पुष्कळदा कापड चिकटवलेली पातळ फळी असते आणि काही स्क्रूंवर उभी असते. ती काढणे दार कापण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

कुठूनही आत जाता आले नाही, तर बाहेरून फटीतून काम करावे लागेल. आपल्या दाराची डावी बाजू सुटलेली असल्यामुळे ही फट आपल्याला आयतीच मिळाली आहे. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कडेला चिकटपट्टी लावा, फटीत लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर हलकेच सरकवा आणि जाड तारेच्या टोकाला आकडी करून ती दाराच्या आतल्या अंगाने उजवीकडे न्या. टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा फटीशी धरला की हात कुठे जातो आहे ते दिसते. सळई सापडली की ती हँडलच्या दिशेने ओढायची. लोखंडी पहार मात्र दूर ठेवा. पातळ ॲल्युमिनियमला ती एका क्षणात कायमची घडी घालते.

भोक पाडणे हा अगदी शेवटचा उपाय आहे आणि त्याबद्दल मी कळकळीने एक सावधगिरीची सूचना देतो. ज्या कप्प्यात प्रोपेनची टाकी किंवा बॅटऱ्या आहेत, त्याच्या दाराजवळ ड्रिल, कटर किंवा गरम हवेची बंदूक चालवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो खालीच साचून राहतो. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात. दोन्हींना एक ठिणगी पुरते. बॅटरीच्या कप्प्यात फटीतून तार घालणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण तार दोन टोकांवर टेकली की ती क्षणात लालबुंद होते. आपल्या कप्प्यात नळ्या आणि केबल आहेत म्हणून हा प्रश्न येत नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत तो येऊ शकतो.

दार उघडल्यावर आनंदाच्या भरात ते परत आपटून लावू नका. ही चूक फार महागात पडते, कारण मूळ दोष तसाच असतो आणि या वेळी कदाचित दोन्ही कोपरे अडकतात. दार उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने दोन्ही खटक्यांतले आकडे दाबून बंद करा, जणू खुंटीच आत शिरली आहे. मग हँडल उचला. दोन्ही आकडे एकाच वेळी, कुरकुर न करता उघडले पाहिजेत. हे सलग दहा वेळा झाल्याशिवाय दार लावू नका. एक आकडा मागाहून उघडत असेल, तर त्या बाजूच्या सळईच्या टोकाला आटे असतात का ते पाहा. असल्यास टोक अर्धा-अर्धा फेरा फिरवून सळईची लांबी जुळवता येते.

गंजलेला खटका जुन्या टूथब्रशने आणि डिग्रीझरने (तेलकट मळ काढणाऱ्या द्रवाने) धुऊन पूर्ण कोरडा करा. त्यावर पांढरे लिथियम ग्रीस बोटाच्या टोकाएवढेच लावा. आपली गाडी वाळू-धुळीच्या मुलखात फार फिरत असेल तर ग्रीसऐवजी कोरडे राहणारे टेफ्लॉनचे वंगण बरे, कारण ग्रीसला धूळ चिकटून त्याची कणीक होते. कुलपाच्या भोकात मात्र ग्रीस घालू नका. तिथे ग्रॅफाइटची पूड योग्य, आणि एकदा ग्रॅफाइट वापरले की त्यावर तेल घालू नये, दोन्ही मिसळून चिखल होतो. रबरी पट्टीवर सिलिकॉनचा हात फिरवावा. तिला पेट्रोलजन्य तेल लागले तर ती फुगते आणि दार आणखी घट्ट बसू लागते. घरोघरी असणाऱ्या डब्ल्यूडी-४० बद्दल बरेच वाचक विचारतात. ते १९५३ मध्ये पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झाले आणि नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमल्याचा आहे. अडकलेला खटका सोडवायला आणि ओल काढायला ते उत्तम आहे. पण वर्षभर टिकणारे वंगण म्हणून त्यावर विसंबू नये, सोडवून झाल्यावर ग्रीस लावावेच.

वाकलेल्या कोपऱ्याचे सांगायचे तर, आतून लाकडी ठोकळा धरून बाहेरून रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि तो एकाच खेपेत जमेल तितका सरळ करावा. ॲल्युमिनियम पुनःपुन्हा वाकवले की कडक होते आणि चिरते. पुढे-मागे एखाद-दोन मिलिमीटरचा फरक राहिला तरी रबरी पट्टी तो सांभाळून घेते.

शेवटी खुंटी. ती चौकटीवर लांबट भोकांत बसवलेली असते, म्हणजे थोडी सरकवता येते. सैल करण्यापूर्वी तिच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढून ठेवा, नाहीतर मूळ जागा हरवते. मग ती एक-दीड मिलिमीटर बाहेरच्या दिशेला सरकवून पाहा, म्हणजे आकड्यावरचा ताण कमी होईल. तो जास्त कमी झाला की पाऊस आत येतो, म्हणून कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढून पाहा. ती चारही कडांना सारख्या जोराने अडकली पाहिजे. नवा खटका घ्यावाच लागला, तर जुना काढण्यापूर्वी त्याचा फोटो काढा, स्क्रूच्या भोकांमधले अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा, सळईची जाडी मोजा आणि तो डावा आहे की उजवा हे नोंदवा. दिसायला सारखे असणारे दोन खटके एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नवे स्क्रू बसवताना त्यांना धातू जाम होऊ न देणारी पेस्ट लावा आणि दर ऑक्टोबरमध्ये, गाडी झाकण्यापूर्वी, सर्व कप्पे गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, वंगण घालून ठेवा. जूनपर्यंत आपल्याकडे पुरेसा वेळ आहे.

प्रश्न : आमच्या मोटारहोमच्या एका कप्प्याचे कुलूप फिरेनासे झाले आहे. शेजारच्या गाडीवाल्याने स्वतःची किल्ली लावून ते उघडून दाखवले! हे कसे शक्य आहे?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : किल्लीवर कोरलेला क्रमांक पाहा. तो ‘सीएच ७५१’ असेल, तर उत्तर मिळाले. अमेरिकेतील असंख्य मोटारहोम आणि ट्रेलरांच्या कप्प्यांना वर्षानुवर्षे याच एका क्रमांकाची किल्ली बसवली गेली आहे, आणि ती दुकानात कोणालाही विकत मिळते. आपली किल्ली झिजली असेल म्हणून ती फिरत नसावी आणि शेजाऱ्यांची नवी असेल म्हणून फिरली. तूर्त नवी किल्ली आणि चिमूटभर ग्रॅफाइट यांनी काम भागेल, पण मौल्यवान वस्तू त्या कप्प्यात ठेवत असाल तर कुलूपच बदला. आतील बाजूचा नट काढला की ते बाहेर येते. साधारणतः त्याचे भोक पाऊण इंचाचे असते; नळकांड्याची लांबी मात्र ५/८ इंच, ७/८ इंच, १ १/८ इंच अशी वेगवेगळी असते, म्हणून जुने कुलूप सोबत घेऊनच दुकानात जावे. मागची फिरणारी पट्टी सरळ आहे की वाकलेली हेही जुळवून घ्या.

प्रश्न : मी फोर्स ट्रॅव्हलरवर स्वतः कॅम्पर बांधून घेतला आहे. बाहेरून उघडणारा एक कप्पा दर पावसाळ्यात अडकतो आणि दिवाळीनंतर आपोआप नीट होतो. खटका दोनदा बदलला, तरी उपयोग नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ऋतूबरोबर येणारा आणि ऋतूबरोबर जाणारा दोष सहसा खटक्याचा नसतो. दार किंवा चौकट प्लायवूडची असेल, तर कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत कडांतून पाणी शोषून ती फुगते आणि खटक्यावर दाब येतो. आतून दार पाहा. कडांचा रंग काळपट किंवा थर सुटलेले दिसले तर कारण नक्की झाले. जानेवारी-फेब्रुवारीत, लाकूड पूर्ण सुकलेले असताना, कडा दीड-दोन मिलिमीटर रंधून घ्या आणि उघड्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या, स्क्रूच्या भोकांच्या आतसुद्धा. चौकटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके आहेत का आणि ती चिखलाने बुजली आहेत का, हेही पाहा. नसतील तर ६ मिलिमीटरची दोन भोके पाडा. समुद्राकाठची हवा खारी असल्यामुळे खटका आणि स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तोपर्यंत या पावसाळ्यात दार उघडताना ते आधी आत दाबा आणि मगच हँडल ओढा.